कुंपणाच्या आतला दोना

मास्तर : नाही म्हणजे नाही, आमशाभाऊ. कुंपणाच्या आत दारूचा थेंब पडणार नाही.

आमशा : थेंबच पडाले जोयजे, मास्तर. बाकी समदी आम्ही भाईर पिसूत. दगडवर थेंब, मंग रूपसिंगना घोट, मंग मन्हा घोट. इतलंच.

मास्तर : इतलंच इतलंच करत खालच्या गावची शाळा गेली, विसरलास? शाळेच्या अंगणात एक लग्न झालं. वऱ्हाड प्यालं, नाचलं, गेलं. सकाळी साहेब तपासणीला आला, तर नवरदेवाचा मामा फळ्याखाली घोरत पडलेला. मास्तरला घरी पाठवलं आणि शाळेला कुलूप. आता तिथं आबकारीचा शिपाई आपलं घोडं बांधतो.

आमशा : ते लगन व्हतं. हाई लगन नही.

मास्तर : नियमाला लग्न काय आणि मयत काय! शाळेच्या आवारात दारू आणायची नाही, वाटायची नाही, प्यायची नाही. त्यात मुंबईला नवं सरकार बसलंय, ते तर दारूच बंद करायला निघालंय. अशा दिवसांत मी तुला परवानगी देऊ?

आमशा : थंडीमा साहेबना तंबू कोठे व्हता, मास्तर?

मास्तर : ते सोड.

आमशा : याच मोहाखाले व्हता. त्यानी बाटल्यासनी पेटी मीच डोकावर वाही आनी. तवय हाई आवार नव्हतं का?

मास्तर : तो साहेब आहे, आमशाभाऊ.

आमशा : हां. ते खरं.

हाजराबी : अजी, किती वेळ त्याले उभा ठेवशात? बठ भाऊ, हाऊ चहा ले. मी तळोद्यानी, माले तुमन्या डोंगरना रीतभात काय समजस नही, म्हनीसन ईचारस. दारू भाईर पिशात म्हनतस, तर तो एक घोटबी भाईरच ल्या ना. या दगडशीच काय अडेल शे?

आमशा : बहीन, आमना बापना बाप याच दगडपुढे बठे. कोनी कोन्ही बाई पळाडी, कोनी कोन्हा बैल मारा, समदा झगडा आठेच तुटे. दोन्हीकडना मानसं एकच पानना दोना तोंडले लावतस, थेंब दगडले देतस, मंग झगडा मरस. दुसरीकडे पिधी तर ती नुसती दारू.

हाजराबी : अन् मंग आठे शाळा काबं बांधू दिधी?

आमशा : मीच सांगं, आठे बांधा. आठे सावली शे. पोरं उन्हमा कसाले बसाडाना? लाकडंबी आम्हीच वाह्या. हाई बोरीना काटासना कुंपन मन्हा फत्तेसिंगनी कयं. तवय आम्हले काय माहीत, दगड आत ऱ्हाई जाई अन् आम्ही भाईर.

मास्तर : मला का बोचत नाही हे? मला बोचतं. तुला वाटतं मी बसून राहिलोय? परवा तळोद्याला कचेरीत गेलो होतो. म्हटलं, घरच्या लग्नाला मोहाची परवानगी मिळते, तशी एका दिवसाची शाळेच्या अंगणासाठी द्या. कारकून म्हणाला, लग्न कुणाचं? म्हटलं, लग्न नाही, खून झालाय, तो मिटवायचाय.

हाजराबी : अरे अल्ला! असं सांगं तुम्हीन?

मास्तर : मग काय सांगू? कारकून इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे बघायला उठले.

आमशा : खून नही, मास्तर.

मास्तर : चुकलो. अपघात.

आमशा : अंधारं पडी जायेल व्हतं. डुक्कर मांगे दोन्ही पळेत. झुडूप हालनं, फत्तेसिंगनी बान सोडा. झुडूपमा करमसिंग व्हता. रूपसिंगना धाकला भाऊ. फत्तेसिंगना दोस्त व्हता तो, मास्तर. दोन्ही संगे होळीमा नाचेत. मन्ह्या पोऱ्यानी त्याले खांदावर टाकीसन त्याना घरलोंग लई गया. पळना नही.

हाजराबी : अन् आते कोठे शे तो?

आमशा : नदीपल्याड, त्याना मामाकडे. घर येस नही. त्यानी बायको पोरगं लईसन रोज वाट देखस. उद्या दोना फिरना तर तो उद्याच घर. पंच बठना, समदं ठरनं. बैल देवाना, करमसिंगनी विधवानी जमीन फत्तेसिंगनी वखरानी. रूपसिंग हां म्हने. बस, दोना बाकी शे.

मास्तर : आणि दोना नाही फिरला तर?

आमशा : तर रूपसिंगना भाऊबंद त्याले मारतीन. मंग आमना त्यासले मारतीन. मी नको म्हनसू, पन मन्हं कोन आयकी?

हाजराबी : अजी, ऐका ना. एक दिवस कुंपन मागे ल्या. काटाच शेत ना? दगड भाईर ठेवा, सांजले परत लावी टाका.

मास्तर : मलाही सुचलं होतं. पण त्या टेकाडावर बघ. छत्री घेऊन कोण बसलंय?

आमशा : भटू.

मास्तर : ठेकेदाराचा भटू. गावात घरोघर मोहाची दारू गाळतात, दुकानाची दारू कुणी घेत नाही, म्हणून ठेकेदार जळतोय. दोना फिरणार हे कळल्यापासून हा रोज येतोय. कुंपण हललं, मडकं आत आलं, की तो संध्याकाळी तळोद्यात. गावावर आबकारीचा खटला आणि शाळेला कुलूप, दोन्ही एका फटक्यात. आमशाभाऊ, तूच सांग, कुलूप लागलेलं चालेल तुला?

आमशा : नही.

मास्तर : मग?

आमशा : शाळा जोयजे. रानना शिपाई पयले काहीबी दंड सांगे, आम्ही देऊत. आते पोरं त्याना कागद वाचतस, म्हनीसन तो सांभाळीसन बोलस. शाळा जाई तर तो परत पयलेसारखा व्हई. माले शाळाबी जोयजे अन् पोऱ्याबी जोयजे, मास्तर. मी कोन्हाकडे जाऊ?

हाजराबी : पानी नही चालाव का? दोनामा नुसतं पानी?

आमशा : पानी तर वैरीलेबी देतस.

हाजराबी : मंग सरबत?

मास्तर : हाजरा, मध्ये नको बोलूस. थांब. आमशाभाऊ, मोहाची फुलं नुसती उकळली तर? सडवायची नाहीत, गाळायची नाहीत. ती दारू होत नाही. चहा आहे तसा तो काढा. त्याला नियम काय करणार? भटूच्या समोर प्यायचं, म्हणायचं, ये, तूही चाखून बघ.

आमशा : वास मोहना येई.

मास्तर : येईल ना.

आमशा : पन गोड लागी. फूल गोड ऱ्हास. त्यामा कडू लिंबनी साल टाकानी. कडू जहर जोयजे.

मास्तर : टाकू. आणि रूपसिंगला आधी सांगायचं. लपवाछपवी नको.

आमशा : मी आतेच जास त्याना गावले. सांगसू, शाळाना कायदा असा शे, आत कडू पानीना दोना, खरी भाईर. दगड तोच, मोह तोच. रूपसिंग वाईट मानूस नही. बहुतेक हां म्हनी.

मास्तर : आणि काढा माझ्या घरात उकळायचा. तुमच्या घरातलं मडकं नको. त्याला दारूचा वास असतो, भटू तेवढंच धरून बसेल. हाजरा, आपलं नवं पातेलं काढ.

हाजराबी : काढस ना. भाऊ, तू काळजी नको करू. मी असा बनाडसू की तुमना पाहुना नाव लेतीन. तुन्हा पोऱ्या उद्या घर जेवी.

आमशा : तुन्हं तोंड देव आयको, बहीन.

(तिसऱ्या दिवशी सकाळी. तेच अंगण, तोच मोह. शाळा भरायची आहे.)

हाजराबी : अजी, भाईर या. आमशाभाऊ येयेल शे. कवयना दगडपुढे बठेल शे.

मास्तर : आमशाभाऊ! अरे, मी काल रात्रभर तुझीच वाट पाहिली. काय झालं सांग तरी. रूपसिंग एक घोट घेतो काय, थुंकतो काय, आणि सगळी माणसं उठून चालती होतात! मला वाटलं फार कडू लागलं.

आमशा : कडू नही लागनं.

मास्तर : मग?

आमशा : त्याना मांगे मी पातेलामाथीन चाखं. बहीन, त्यामा गूळ कोनी टाका?

हाजराबी : मीच टाका की. का? मी चाखी देखं, इतलं कडू, इतलं कडू की मन्ही जीभ आखडी गयी. म्हंतं, पाहुना कसं गिळतीन? साल तर व्हतीच, कडूपना व्हताच. फक्त मोठा खडा टाका, गळाखाले उतराले. आमनामा भांडन मिटनं की पयले तोंड गोड करतस. मन्हा बाप अन् काका बोलेत नव्हतात, तवय मन्ही मायनी दोन्हीसले शिरखुर्मा चारा. मी म्हंतं, इतला मोठा वैर मिटी ऱ्हायना, अन् आमना घरना दोना कडूच जाऊ द्यावा? भाऊ, तू असा का देखस? काय चुकनं मन्हं?

आमशा : तुन्हं काय नही चुकनं.

मास्तर : आमशाभाऊ, नीट सांग.

आमशा : आमनामा गोड सोयरीकले पेतस, मास्तर. पोरगी देवानी ठरनी की गूळ. पोऱ्या जनमले ऊना की गूळ. मानूस मरना की कडू. पयला घोट ज्याना मानूस गया त्याना. तो कडू गिळस, म्हंजे त्यानी दुःख गिळं. मंग मी गिळस. तवय झगडा मरस.

हाजराबी : या अल्ला.

आमशा : रूपसिंगनी घोट लिधा, अन् मन्हाकडे देखं. म्हने, आमशा, मन्हा भाऊ मरना अन् तू मन्हं तोंड गोड करस? तुले आनंद व्हयना का? तुन्हा घर सोयरीक जमनी का? असं म्हने अन् थुकना. मंग दोना दगडवर पालथा घाला.

मास्तर : पालथा म्हणजे?

आमशा : म्हंजे उघडा झगडा. आते कोनी मधमा पडाव नही.

हाजराबी : मी जास. मी आत्ता जास रूपसिंगकडे. त्याना पाय धरस. सांगस, हाई मन्ही चूक, मी तळोद्यानी येडी बाई, आमशाले काय माहीत नव्हतं. माले मार म्हनस. अजी, चला ना! काय उभा शेत?

मास्तर : चल. चप्पल घाल. शाळा आज बंद.

आमशा : बठा. कोनी जावाले नको.

मास्तर : का नको? तो वाईट माणूस नाही, तूच म्हणालास. त्याला समजावू.

आमशा : मी काल सांजलेच जाई ऊनू. सांगं त्याले, मास्तरनी बायकोनी बनाडं, तिले रीत माहीत नही. तो बठना, समदं आयकं. मंग म्हने, आमशा, ती बाईनी चूक नही, माले पटस. पन मन्हा शंभर मानसंसनी देखं की मी भाऊना मरनवर गोड पिधं. आते मी त्यासले काय सांगू?

मास्तर : मग दुसऱ्यांदा करू. खरा दोना. मी... मी बघतो काय करायचं ते.

आमशा : दोना एकदाच फिरस, मास्तर.

हाजराबी : अन् फत्तेसिंग? तो तर पंचमा येयेल व्हता, मी दुरथीन देखा. लाल पागोटं. त्याले परत मामाकडे धाड ना, भाऊ! आज नही, आत्ता!

आमशा : तो घर व्हता रातले. पोरगं मांडीवर लिधं, भाकर खादी. त्यानी माय कालीबाई त्याले देखत बठनी, झोपनी नही. मीबी नही झोपनू. म्हंतं, उजाडता त्याले नदीपल्याड धाडू. पन उजाडाना पयलेच तो उठना. बानना कामठं खुंटीवर टांगं अन् वाट धरी.

मास्तर : कामठं टांगून? कुठे गेला?

आमशा : रूपसिंगना गावले.

मास्तर : आणि तू जाऊ दिलंस?

आमशा : मी दरवाजामा उभा ऱ्हायनू. हात धरा त्याना. तो म्हने, बा, मी नही गयू तर ते आठे येतीन. वाटवर शाळा शे. पोरं अंगनमा ऱ्हातस. बान पोऱ्या देखस नही, मी देखेल शे. असं म्हने. मंग मी हात सोडा.

हाजराबी : भाऊ, असा कसा सोडा रे? असा कसा सोडा?

आमशा : काय सांगू, बहीन. सुटी गया.

मास्तर : मी तळोद्याला माणूस पाठवतो. पोलीस...

आमशा : तठून पोलीस येवाले दुपार व्हई. तो झपझप चालस. आते डोंगर वलांडी गया व्हई.

मास्तर : मग तू इथं का बसलास? इथं बसून काय होणार आहे?

आमशा : आठून त्यासना गावना ढोल आयकू येस, मानूस पडना की वाजस तो. घर कालीबाई शे. तिना समोर आयकाना नही माले.

हाजराबी : कदाचित सोडी देतीन. एकला गया, हात रिकामा. त्यासलेबी माय शे ना? रूपसिंग समजदार शे म्हनतस ना तू?

आमशा : रूपसिंग एकला नही, बहीन. शंभर मानसं शेत.

हाजराबी : मी दुआ मागस. मी आठेच बसस. भाऊ, मन्हाकडे देख ना. एक शिवी तरी दे माले.

आमशा : तू मन्हा पोऱ्याना तोंड गोड कराले गयी. तुले शिवी कशी देऊ?

मास्तर : चूक तिची नाही. चूक माझी. तुझं मडकं नको म्हणालो. माझं पातेलं, माझी चूल, माझा नियम. भटू काल येऊन चाखून गेला, म्हणाला, मास्तर, तुम्ही एकदम कायद्यात आहात. मला बरं वाटलं, आमशाभाऊ. रूपसिंग उठून गेला तेव्हासुद्धा मनात एक कोपरा म्हणत होता, शाळा तर वाचली.

आमशा : वाचनीच ना. ते खोटं नही.

हाजराबी : गप! दोन्ही गप. आयका. ढोल वाजी ऱ्हायना.

मास्तर : कुठे?

हाजराबी : तिकडे, डोंगरमांगे. वाजस ना? भाऊ, हाऊ लगनना शे ना? आते लगनसराई शे. कोन्ही तरी वरात व्हई. सांग ना, भाऊ.

आमशा : नही, बहीन. लगनना असा नही वाजस.

हाजराबी : मंग थांबस थांबस का वाजस?

आमशा : थांबीसनच वाजस तो.

मास्तर : आमशाभाऊ... आमशाभाऊ, ऊठ. घर जा. घरून मडकं आन. पयल्या धारनी आन. आठेच, याच दगडवर दे त्याना नावना थेंब. हाई कुंपन मी काढी टाकस. देख, हाई काढं. साहेबले मी सांगसू, मीच आनी, मीच वाटी. काय करतीन? घर धाडतीन. धाडू दे.

हाजराबी : अजी, हात! काटा घुसी ऱ्हायनात. रगत निंघी ऱ्हायनं.

आमशा : आते कसाले, मास्तर? दोना दोघंसना ऱ्हास. आते मन्हासंगे पेवाले कोन बठी?

मास्तर : मी बठस. मी जनममा थेंब घेयेल नही. तुन्हासंगे मी घेस.

आमशा : तू रूपसिंग नही ना.

मास्तर : मंग मी काय करू? सांग, काय करू मी?

आमशा : ते काटा परत लाव. पोरं येवाना येळ व्हयना. कुंपन उघडं ऱ्हायनं तर शेळ्या आत शिरतीन, पोरंसनी लायेल वालना वेल खाई टाकतीन.